अमेरिकेतलं कॉलेज ‘मान्यताप्राप्त’ आहे म्हणजे नक्की कोणी मानलंय?

एरीकाठ

नमस्कार मंडळी.

गेल्या दोन महिन्यांत नात्यातल्या आणि ओळखीतल्या तीन घरांतून मला फोन आले. प्रश्न तिन्ही ठिकाणी एकच : “पोराला अमेरिकेत अमुक युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळतेय, ती गव्हर्नमेंट मान्यताप्राप्त आहे का, तेवढं बघून सांग.” दर वेळी अर्धा-पाऊण तास बोललो, आणि तिसरा फोन ठेवल्यावर वाटलं की हे एकदा नीट लिहूनच काढावं. मी ओहायोतल्या एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवतो. आमच्या कॉलेजच्या अ‍ॅक्रेडिटेशन समितीत दोन खेपा काम केलंय, त्यामुळे हा कारभार आतून पाहिलाय.

घोळ प्रश्नापासूनच सुरू होतो. आपल्याकडे युजीसी आहे, एआयसीटीई आहे; सरकारचा शिक्का बसला की कॉलेज खरं. अमेरिकेत असा शिक्का मारणारं सरकारी खातंच नाही. तिथल्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही, त्यामुळे दहाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे तो विषय राज्यांकडे गेला. केंद्राचं शिक्षण खातं १९७९ च्या कायद्याने झालं, आणि तेही कुठल्या कॉलेजला मान्यता देत नाही. राज्य सरकार देतं तो चालवण्याचा परवाना. काही राज्यांत तो मिळवताना घाम फुटतो, काही राज्यांत सहज मिळतो. पण त्या पदवीला वजन किती, हे ठरवतात कॉलेजांनीच एकत्र येऊन उभ्या केलेल्या खासगी, ना-नफा संस्था. त्यांच्या या कामाला अ‍ॅक्रेडिटेशन म्हणतात. मराठीत आपण ‘मान्यता’ म्हणतो आणि मग डोळ्यासमोर मंत्रालय येतं. ‘अधिस्वीकृती’ हा नॅकच्या (आपल्याकडची कॉलेजं तपासणाऱ्या परिषदेच्या) नावातला शब्द जड आहे, पण जास्त बरोबर आहे.

या संस्थांना परंपरेने ‘रीजनल’, म्हणजे विभागवार, म्हणतात. आता हे ‘रीजनल’ प्रकरण कुठून आलं? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या कॉलेजांपुढे साधा प्रश्न होता : गावोगावच्या हायस्कुलांतून येणाऱ्या मुलांपैकी कॉलेजला तयार कोण? सगळ्यांची मिळून एक बोर्डाची परीक्षा नव्हती. मिशिगन विद्यापीठाने १८७० च्या दशकात आपले प्राध्यापक हायस्कुलं बघायला पाठवायला सुरुवात केली. जी शाळा पसंत पडेल तिची मुलं परीक्षेविना घ्यायची. मग शेजारपाजारच्या राज्यांतली हायस्कुलं आणि कॉलेजं एकत्र बसायला लागली. १८८५ मध्ये न्यू इंग्लंडची संघटना झाली, १८८७ मध्ये मिडल स्टेट्सची, १८९५ मध्ये दक्षिणेची आणि नॉर्थ सेंट्रलची, १९१७ मध्ये वायव्येची. पश्चिम किनाऱ्याची आजची संघटना सगळ्यांत धाकटी, १९६२ ची. जुन्या नावांत ‘स्कूल्स अँड कॉलेजेस’ असं जोडीने दिसतं ते त्यामुळे. नॉर्थ सेंट्रलने अधिस्वीकृत कॉलेजांची पहिली यादी १९१३ मध्ये काढली. तोवर हा सगळा आपसातला मामला होता. ज्याला पटेल त्याने सभासद व्हावं, नसेल त्याने राहावं.

पैसा आला आणि चित्र पालटलं. १९४४ च्या ‘जी.आय. बिल’ने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, आणि तो पैसा लाटायला रातोरात दुकानं उघडली. म्हणून १९५२ मध्ये कोरियाच्या युद्धातल्या सैनिकांसाठी नवा कायदा करताना सरकारने ठरवलं : कॉलेजं आपण तपासायची नाहीत, पण कोणत्या अ‍ॅक्रेडिटेशन संस्थेवर विश्वास ठेवायचा, त्यांची यादी आपण करू. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने केंद्राची कर्जं आणि अनुदानं त्याच यादीला बांधली. तेव्हापासून रचना अशी आहे की सरकार कॉलेजला मानत नाही, कॉलेजला मानणाऱ्यांना मानतं. हे एक वाक्य डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

आजच्या संस्था थोडक्यात सांगतो. आमच्या मध्य-पश्चिमेसह १९ राज्यांत हायर लर्निंग कमिशन, तिचं ऑफिस शिकागोला. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया वगैरे मिडल स्टेट्सकडे. बॉस्टनच्या बाजूची सहा राज्यं नेचीकडे. टेक्सस, जॉर्जिया, फ्लोरिडा, व्हर्जिनिया धरून दक्षिणेतली ११ राज्यं सॅक्सकडे. वॉशिंग्टन, ऑरेगन, युटा, नेव्हाडा वगैरे नॉर्थवेस्ट कमिशनकडे. कॅलिफोर्निया आणि हवाईत वॅस्क. तिथल्या दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी एसीसीजेसी ही वेगळी संस्था. ही परंपरेने चालत आलेली वाटणी. आता त्या हद्दी कायद्याने उरलेल्या नाहीत, पण लोक अजून याच नावांनी बोलतात.

प्रश्न असतील तर विचारा.

---

घाटमाथा

एरीकाठ सर, अगदी वेळेवर लिहिलंत. माझ्या मुलीला कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या युनिव्हर्सिटीत एमएस कॉम्प्युटर सायन्सला अ‍ॅडमिशन मिळाली आहे. मी साताऱ्याचा. आमच्याकडे या गोष्टींची माहिती असणारं कोणी नाही, जे काही कळतं ते कन्सल्टंटकडूनच. कॉलेजने विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० फॉर्म पाठवलाय, त्यावर तो म्हणतो, “काका, आय-२० आलाय म्हणजे अमेरिकन सरकारने कॉलेज पास केलंय. याच्यापुढे काय बघायचं?” डिपॉझिट भरायला बारा दिवस उरलेत. बँकेचं कर्ज मंजूर आहे, त्यात जमीन तारण आहे. घाई करू नये असं वाटतं, आणि उशीर झाला तर सीट जाईल अशी भीतीही वाटते. आय-२० पुरेसा नाही का?

---

एरीकाठ

घाटमाथा, पुरेसा नाही. तुमच्या कन्सल्टंटने दोन वेगळ्या गोष्टी एक केल्यात.

आय-२० द्यायची परवानगी शिक्षण खातं देत नाही, अंतर्गत सुरक्षा खात्याचा सेव्हिप विभाग देतो. बाहेरदेशचे विद्यार्थी ठेवायला कॉलेज पात्र आहे का, एवढंच तो बघतो. अ‍ॅक्रेडिटेशन नसलेल्या कॉलेजलाही ती परवानगी मिळू शकते. त्यासाठी कॉलेजने दाखवायचं असतं की आपल्याकडचे क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे अंक) दुसरी अधिस्वीकृत विद्यापीठं घेतात.

याच वाटेने ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी उभी राहिली होती. कॅलिफोर्नियात प्लेझंटनला. जानेवारी २०११ मध्ये तिच्यावर छापा पडला तेव्हा दीड हजाराच्या आसपास मुलं नोंदलेली होती आणि बहुतेक सगळी भारतीय, त्यातही तेलुगू भाषक भागातली जास्त. अ‍ॅक्रेडिटेशन नव्हतं. इतर विद्यापीठं आपले क्रेडिट घेतात असे कागद सरकारला दिले होते, ते खोटे निघाले. चालवणाऱ्या बाईंना पुढे १६ वर्षांची शिक्षा झाली. पण आपल्या मुलांपैकी काहींच्या घोट्याला रेडिओ कॉलर बांधल्या गेल्या, ते फोटो भारतातल्या प्रत्येक पेपरात आले होते. त्या मुलांच्या हातातला आय-२० खरा होता. मला आजही ते फोटो आठवले की त्रास होतो, कारण त्यांतल्या कितीजणांच्या घरी असंच एखादं शेत तारण असणार.

तुम्ही आज रात्री करायचं काम सांगतो. युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर ‘अ‍ॅक्रेडिटेशन’ असं पान असतं. तिथे कोणत्या संस्थेचं नाव आहे ते उतरवून घ्या. मग अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या साइटवर ‘डॅपिप’ नावाची शोधयादी आहे, तिथे युनिव्हर्सिटीचं नाव टाका. पुन्हा त्या अ‍ॅक्रेडिटेशन संस्थेच्या स्वतःच्या साइटवर जाऊन तेच नाव शोधा. नाव दोन्हीकडे दिसायला हवं, पत्ताही तोच हवा. लिंक मात्र युनिव्हर्सिटीच्या पानावरून उघडू नका. स्वतः शोधून जा. खोट्या कॉलेजांसाठी खोट्या अ‍ॅक्रेडिटेशन संस्थाही असतात. २०१५ मध्ये कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा त्यात बनावट विद्यापीठांबरोबर त्यांना ‘अधिस्वीकृती’ देणाऱ्या बनावट संस्थाही निघाल्या.

‘स्टेट अप्रूव्ह्ड’, ‘लायसन्स्ड’, ‘अमुक असोसिएशनचे सदस्य’ यांपैकी काहीही लिहिलेलं असलं तरी ते अ‍ॅक्रेडिटेशन नव्हे.

---

मोगरा

हे सगळं मला चौदा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर.

मी लग्नानंतर टेक्ससमध्ये आले. घरी बसून जीव गुदमरत होता. घराजवळ एक खासगी करिअर कॉलेज होतं, नाव लिहीत नाही. संध्याकाळचे क्लास, गोड बोलणारी अ‍ॅडमिशनवाली, भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘फुल्ली अ‍ॅक्रेडिटेड’. खोटं काहीच नव्हतं त्यात. अ‍ॅक्रेडिटेशन होतं आणि ते देणारी संस्थाही सरकारच्या यादीत होती. मेडिकल असिस्टंटची दोन वर्षांची डिग्री केली. खूप अभ्यास केला, गुण चांगले आले. मग नर्सिंगच्या बीएसएनसाठी राज्य विद्यापीठात गेले. काउन्सेलरने माझं ट्रान्स्क्रिप्ट बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, यातलं आम्ही काहीच घेऊ शकत नाही.

साठ क्रेडिट. एकही धरला नाही. कारण ती अ‍ॅक्रेडिटेशन संस्था ‘नॅशनल’ होती, ‘रीजनल’ नव्हती.

आपल्या कानाला नॅशनल म्हणजे मोठं वाटतं ना? देशपातळीचं, रीजनलच्या वरचं. तिथे उलटं होतं. नॅशनलवाल्या संस्था बहुतेक धंदेशिक्षणाच्या कॉलेजांच्या, ट्रेड स्कूलच्या, काही धार्मिक कॉलेजांच्या. रीजनलवाली विद्यापीठं त्यांचे क्रेडिट बहुधा घेत नसत. इंग्रजी निबंधाचा पहिला पेपर, बीजगणित, अ‍ॅनाटमी, सगळं मी कम्युनिटी कॉलेजात परत केलं. कर्ज मात्र दोन्हीकडचं फेडलं. आज नर्स आहे, नोकरी चांगली आहे. पण ती दोन वर्षं माझ्या तिशीतली होती आणि मुलगी लहान होती, ते काही परत येत नाही.

नर्सिंगला जाणाऱ्यांना आणखी एक सांगते. कॉलेजचं अ‍ॅक्रेडिटेशन वेगळं आणि त्यातल्या नर्सिंग प्रोग्रॅमचं वेगळं. प्रोग्रॅमला एसीईएन किंवा सीसीएनई यांपैकी एका संस्थेचं अ‍ॅक्रेडिटेशन आहे का बघा, आणि राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी तर हवीच. पुढे मास्टर्सला जाताना हेच विचारतात.

---

खडूफळा

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून प्राचार्य म्हणून निवृत्त झालो. नॅकच्या दोन फेऱ्या माझ्या कारकिर्दीत झाल्या, म्हणून हा धागा मन लावून वाचतोय.

आमच्याकडे नॅक १९९४ मध्ये बंगळुरूला स्थापन झाली, आणि ती युजीसीची. म्हणजे इथे अधिस्वीकृतीही सरकारच्याच घरातून येते. आमच्या वेळी आधी स्वयंमूल्यांकन अहवाल, मग पीअर टीम, मग चारपैकी गुण, ३.५१ किंवा वर गेलं की ए प्लस प्लस, अशी पद्धत होती. त्या ग्रेडसाठी आम्ही किती राबलो ते आठवतं. रात्री दहा-दहा वाजेपर्यंत फाइली लावल्या, पाच वर्षांचे फोटो शोधले. चांगली गोष्ट अशी की त्या निमित्ताने आमच्या ग्रंथालयाची पहिल्यांदा नीट मोजदाद झाली, आणि मुलींच्या वसतिगृहाचा रखडलेला विषय संस्थाचालकांनी मार्गी लावला. वाईट गोष्टही सांगतो : टीम गेल्यावर आठवडाभराने सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या एका तपासणी पथकातल्या सदस्यांना लाचेच्या प्रकरणात सीबीआयने अटक केली, तेव्हा माझ्यासारख्या माणसाला किती लागलं असेल याची कल्पना करा. आम्ही प्रामाणिकपणे गुण मिळवले होते हो.

मला एरीकाठ यांना विचारायचंय : तिथे पथकात कोण असतं? ग्रेड असते का? आणि कॉलेज नापास झालं तर पुढे काय होतं?

---

एरीकाठ

सर, तुमच्या वसतिगृहाचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडेही असंच एक झालं, ते सांगतो.

ग्रेड नसते. अधिस्वीकृती आहे किंवा नाही. त्यामुळे जगातली नामांकित विद्यापीठं आणि आमचं कम्युनिटी कॉलेज कागदावर एकाच रांगेत. ही किमान पातळीची हमी आहे. क्रमवारीशी तिचा संबंध नाही.

आमच्याकडे दहा वर्षांचं चक्र आहे, मध्ये चौथ्या वर्षी एक आढावा. मिडल स्टेट्सचं आठ वर्षांचं, नॉर्थवेस्टचं सात. सुरुवात स्वतःच स्वतःबद्दल लिहिण्यापासून होते. आमच्या वेळी त्या लेखनाला ३५ हजार शब्दांची मर्यादा होती आणि प्रत्येक विधानाला पुरावा जोडायचा. ‘आम्ही विद्यार्थ्यांची काळजी घेतो’ असं लिहिलं की लगेच पुढचा प्रश्न : कुठल्या बैठकीत ठरलं, इतिवृत्त दाखवा, त्यानंतर काय बदललं ते दाखवा. समितीत बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आमच्या बीजगणिताच्या वर्गात पहिल्या सहा आठवड्यांत किती मुलं गळतात. आकडा आमच्याच संगणकात होता, कोणी मागितला नव्हता. त्यातून आम्ही त्या वर्गाला जोडून शिकवणीचा तास सुरू केला.

कडू भागही आला. शिक्षकाकडे त्या विषयातले किमान १८ पदव्युत्तर क्रेडिट हवेत, असा तेव्हा दंडक होता. आमच्याकडे एक वयस्क सहकारी होते, शिक्षणशास्त्रात मास्टर्स, तीस वर्षं गणित शिकवत होते आणि आमच्यातल्या कोणाहीपेक्षा चांगलं शिकवत होते. त्यांना संध्याकाळी वर्गात बसून क्रेडिट पुरे करावे लागले. त्यांनी ते केले, पण ते दोन वर्षं मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही, कारण ती यादी मी केली होती.

पथकात इतर कॉलेजांतले प्राध्यापक, डीन, हिशेब बघणारे लोक असतात, शक्यतो दुसऱ्या राज्यांतले. स्वतःची नोकरी सांभाळून येतात, मानधन किरकोळ. दीड-दोन दिवस थांबतात. विद्यार्थ्यांना भेटताना आम्हाला खोलीबाहेर ठेवतात. अहवाल पथकाचा, पण निर्णय कमिशनचा. ठीक नसेल तर पायऱ्या आहेत : आधी नोटीस किंवा ताकीद, मग प्रोबेशन, मग ‘तुमची अधिस्वीकृती का काढू नये’ अशी कारणे दाखवा, आणि शेवटी काढून घेणं. हे जाहीर होतं, संस्थेच्या साइटवर कोणालाही वाचता येतं. घाटमाथा, हेही बघून घ्या.

काढून घेतली तर? अटलांटाचं मॉरिस ब्राउन कॉलेज बघा. कृष्णवर्णीयांच्या चर्चने, त्यांच्याच लोकांनी १८८१ मध्ये काढलेलं. आर्थिक गैरव्यवस्थापनापायी २००२ च्या शेवटी सॅक्सने अधिस्वीकृती काढली. ती गेली तशी केंद्राची कर्जं आणि अनुदानं थांबली, आणि तिथली बहुतेक मुलं त्याच पैशांवर शिकत होती. अडीच हजारांच्या आसपास असलेली पटसंख्या काही डझनांवर आली. इमारती गेल्या. तरी माजी विद्यार्थ्यांनी आणि मूठभर कर्मचाऱ्यांनी कॉलेज बंद पडू दिलं नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याला पुन्हा अधिस्वीकृती मिळाली, ट्रॅक्स या दुसऱ्या संस्थेकडून. वीस वर्षं लागली. आधीच्या पदव्या मात्र कधीच बाद झाल्या नव्हत्या. पदवी घेतली त्या दिवशी कॉलेजची स्थिती काय होती, हेच धरतात.

दुसरं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजचं. तिथल्या शिकवण्याबद्दल फारशी तक्रार नव्हती, बोट होतं कारभारावर आणि हिशेबांवर. जुलै २०१३ मध्ये एसीसीजेसीने ठरवलं की वर्षाने अधिस्वीकृती संपेल. शहराने कोर्टात धाव घेतली, कोर्टाने निर्णय रोखला, आणि जानेवारी २०१७ मध्ये सात वर्षांसाठी अधिस्वीकृती कायम झाली. पण मधल्या काळात हजारो विद्यार्थी सोडून गेले. नुसत्या बातमीनेच कॉलेज अर्धमेलं होतं. म्हणून या संस्था शेवटचं पाऊल फार क्वचित उचलतात. आणि ते फार क्वचित उचलतात, हाच त्यांच्यावरचा मोठा आक्षेपही आहे.

---

दुर्वा_जर्सी

शाळांचं काय? आम्ही न्यू जर्सीत आहोत. मुलाची पब्लिक स्कूल चांगली आहे पण तिच्या साइटवर मिडल स्टेट्सचं नावच नाही, शेजारच्या गावातल्या शाळेच्या आहे. पुढे कॉलेजला अडेल का? शिवाय त्याचा मोठा भाऊ आजारपणामुळे एक वर्ष ऑनलाइन हायस्कूल करणार आहे.

---

एरीकाठ

दुर्वाताई, पब्लिक स्कूलची जबाबदारी राज्याची असते, त्यामुळे तिथे हे अ‍ॅक्रेडिटेशन बहुधा ऐच्छिक आहे. धाकट्याची काळजी करू नका.

ऑनलाइन शाळेबद्दल मात्र जरूर तपासा. तिथेच फसवणूक जास्त होते. मिडल स्टेट्सची शाळांची शाखा वेगळी आहे. नॉर्थ सेंट्रलची शाळांची बाजू आधी अ‍ॅडव्हान्सएड नावाच्या संस्थेत गेली, तिचं नाव आता कॉग्निया आहे. यांपैकी कोणाच्या यादीत शाळा आहे का बघा, आणि त्याहून महत्त्वाचं, नाव घालण्यापूर्वी आत्ताच्या हायस्कूलच्या काउन्सेलरकडून लेखी घ्या की ते वर्षाचे क्रेडिट धरतील. या संस्था अमेरिकेबाहेरच्या शाळांनाही अधिस्वीकृती देतात. मसुरीचं वुडस्टॉक मिडल स्टेट्सचं आहे.

---

तळ्यातला_चंद्र

एरीकाठ, चांगलं लिहिताय, पण मला एक बाजू मांडायची आहे. मी शिकागोत वीस वर्षं आहे आणि या व्यवस्थेवर माझा तुमच्याइतका विश्वास नाही.

कॉलेजं वर्गणी भरतात आणि त्याच पैशांवर त्यांना तपासणारी संस्था चालते. तपासणारे कोण, तर दुसऱ्या कॉलेजचे लोक, ज्यांच्या घरी उद्या याच लोकांनी तपासायला यायचंय. यात कठोरपणा कुठून येणार? एसीआयसीएसचं बघा. सरकारच्या यादीतली ‘नॅशनल’ संस्था. कोरिंथियन कॉलेजेसच्या अनेक शाखांना आणि आयटीटी टेकला, म्हणजे नफ्यासाठी चालवलेल्या दोन मोठ्या कॉलेज-साखळ्यांना, तिची अधिस्वीकृती होती. कोरिंथियन २०१५ मध्ये कोसळलं, आयटीटी टेक सप्टेंबर २०१६ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी एसीआयसीएसचं नाव यादीतून काढलं, २०१८ मध्ये परत घातलं, २०२२ मध्ये कायमचं काढलं. तिची अधिस्वीकृती असलेल्या कॉलेजांत शिकलेल्या आपल्या मुलांचा दोष काय होता? २०१६ नंतर स्टेम ओपीटीची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर अमेरिकेत काम करायच्या परवानगीची) दोन वर्षांची वाढ मागायला गेले तर उत्तर आलं, तुमचं कॉलेज आता अधिस्वीकृत धरता येत नाही.

आणि मिशिगनचं फार्मिंग्टन. ते तर व्हिसातली फसवणूक पकडायला सरकारनेच मांडलेलं नकली विद्यापीठ. शिक्षक नाही, वर्ग नाही. तरी एका खऱ्या अ‍ॅक्रेडिटेशन संस्थेच्या यादीत त्याचं नाव झळकत होतं, कारण सरकारने तशी व्यवस्था केली होती. जानेवारी २०१९ मध्ये पहिल्या झटक्यात १३० विद्यार्थी पकडले, त्यांत १२९ भारतीय. यादी बघून गेलेल्या पोराने आणखी काय बघायचं होतं?

---

एरीकाठ

तळ्यातला_चंद्र, वर्गणीचा आणि एकमेकांना सांभाळून घेण्याचा मुद्दा मला मान्य आहे. तो या व्यवस्थेचा जुना आजार आहे. फार्मिंग्टनबद्दल तर माझ्याकडे उत्तर नाही. यादीत नाव असूनही वर्ग भरत नसतील, अभ्यासक्रम नसेल, शिक्षकांची नावं दिसत नसतील तर तिथून निघायचं, एवढंच म्हणू शकतो. आणि हे सातासमुद्रापलीकडून कळणं अवघड आहे हेही मान्य.

पण तपासणी सरकारकडे जावी, हे मला पटत नाही, आणि सध्या वारं त्याच दिशेचं आहे. २०२० च्या जुलैपासून शिक्षण खात्याने रीजनल आणि नॅशनल हा भेद आपल्या नियमांतून काढला आणि संस्थांच्या हद्दीही मोकळ्या केल्या. मोगरातैंच्या बाबतीत घडलं ते थांबावं हा त्यामागचा एक हेतू होता, आणि तो चांगला होता. पण क्रेडिट घ्यायचे की नाही, हे अजून प्रत्येक विद्यापीठच ठरवतं, त्यामुळे जुनी सवय गेलेली नाही. मग २०२२ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला की सरकारी कॉलेजांनी अ‍ॅक्रेडिटेशन संस्था बदलायचीच. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा या विषयावर आदेश निघाला, आणि जूनमध्ये फ्लोरिडासह दक्षिणेतल्या सहा राज्यांच्या विद्यापीठ व्यवस्थांनी स्वतःची नवी संस्था काढायचं जाहीर केलं. आपल्याच विद्यापीठांना तपासणारी संस्था राज्यांच्या विद्यापीठांनीच उभी करायची, तर तुम्ही सांगितलेला दोष कमी होतो का वाढतो? मला तरी वाढताना दिसतो. मी शिकवतो त्या वर्गात काय शिकवावं याबद्दल राजकारण्याचं मत विचारलं जाऊ नये, एवढी एक भिंत ही जुनी व्यवस्था राखत आली. तेवढ्यासाठी मी तिच्या बाजूने उभा राहीन.

---

घाटमाथा

सर्वांचे आभार. मुलीने आणि मी काल रात्री बसून सगळं तपासलं.

युनिव्हर्सिटी डॅपिपमध्ये आहे. पत्ता जुळतो. अ‍ॅक्रेडिटेशन संस्था सरकारच्या यादीतली आहे, पण मोगराताई म्हणतात तशी जुन्या ‘नॅशनल’ गटातली. तोपर्यंत मला वाटलं, चला, खरं आहे तर. मग मुलीनेच पुढे वाचून एक गोष्ट काढली. ही युनिव्हर्सिटी नफ्यासाठी चालवलेली आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी २० हजार जागा वेगळ्या असतात, त्यांत बसायला पदवी सरकारी किंवा ना-नफा संस्थेची लागते, आणि पदवी मिळाली तेव्हा ती संस्था अधिस्वीकृत असावी लागते. कन्सल्टंटला फोन करून विचारलं. तो म्हणाला, “हे एवढं कोणी बघत नाही काका.”

तिला ओहायोच्या शेजारच्या इंडियानात एका राज्य विद्यापीठातूनही पत्र आलं होतं. फी थोडी जास्त, स्कॉलरशिप नाही, म्हणून कन्सल्टंटने ते बाजूला ठेवायला लावलं होतं. ते हायर लर्निंग कमिशनच्या यादीत आहे, शेवटचा आढावा दोन वर्षांपूर्वीचा, कुठली ताकीद नाही. त्यांच्या ग्रॅज्युएट ऑफिसला तिने आज मेल टाकली आहे की जागा अजून आहे का. कॅलिफोर्नियाचं डिपॉझिट भरलेलं नाही.

एकच शंका उरली. त्या विद्यापीठाच्या बीएसच्या इंजिनिअरिंग कोर्सपुढे ‘अ‍ॅबेट’ लिहिलंय, पण तिच्या एमएसपुढे नाही. त्याने काही अडतं का?

---

एरीकाठ

अडत नाही. अ‍ॅबेट ही इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटिंगच्या अभ्यासक्रमांची अधिस्वीकृती, आणि ती मुख्यतः बॅचलर पातळीवर घेतात. मास्टर्सला बहुतेक विद्यापीठं घेतच नाहीत. मेलचं उत्तर दोन-तीन दिवसांत आलं नाही तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा. तिथल्या वेळेनुसार सकाळी नऊला ऑफिस उघडतं, मी इथून फोन लावून विचारतो.